घरबसल्या डीएनए चाचणी: अहवाल काय सांगतो आणि कोणाच्या जोरावर

लाळेने छोटी नळी भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि पाकीट कंपनीकडे पाठवून द्यायचं. काही आठवड्यांनी फोनवर अहवाल येतो. पूर्वज कुठले, कोणत्या आजाराचा धोका किती, दूरचे नातेवाईक कुठे कुठे आहेत, सगळं रंगीत नकाशे आणि टक्केवारीसह. जगभरात कोट्यवधी लोकांनी अशी चाचणी करून घेतली आहे. ज्यांनी केलेली नाही त्यांनाही कुतूहल असतंच. एवढ्याशा लाळेवरून इतकं कसं कळतं? ते खरं मानायचं का? आणि खरं असलं तर पुढे करायचं काय?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत गेली. डीएनए तुमच्या पेशींत असतो, पण त्याचा अर्थ इतरांच्या डीएनएशी ताडून पाहिल्याशिवाय लागत नाही. अहवालातली प्रत्येक ओळ अशा तुलनेतून आलेली असते. तुलना कोणाशी झाली, किती जणांशी झाली, यावर त्या ओळीचा भरवसा ठरतो. एवढं मनात पक्कं ठेवलं की अहवालातलं काय गंभीरपणे घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे बरंचसं आपलं आपल्याला उमगायला लागतं.

नळीतून आकडे कसे निघतात

लाळेत तोंडाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी असतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही असतात. डीएनए मिळतो तो त्यांच्यातून. तोंडातल्या जिवाणूंचा डीएनएही नमुन्यात येतो, पण पुढे तपासणी माणसाच्या डीएनएवरच्या ठरावीक जागांचीच होत असल्यामुळे त्याने फारसं बिघडत नाही.

ठरावीक जागा म्हणजे किती? माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. असा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. बहुतेक कंपन्या यातलं सगळं वाचत नाहीत. त्या नमुना एका चिपवर सोडतात. या चिपवर आधीच निवडलेल्या सहा-सात लाख जागांसाठी डीएनएचे बारीक तुकडे बसवलेले असतात. नमुन्यातला जुळणारा तुकडा तिथे येऊन चिकटतो आणि उमटणाऱ्या रंगावरून त्या जागी कोणतं अक्षर आहे ते यंत्र टिपतं. ३ अब्जांत सात लाख म्हणजे साधारण ०.०२ टक्के. ‘तुमचा संपूर्ण डीएनए तपासला’ अशी समजूत करून घेतली असेल तर ती इथेच सोडून द्यायला हवी.

मग नेमक्या याच जागा का? कारण माणसामाणसांत फरक कुठे आढळतो हे आधी बाकीच्यांचे डीएनए वाचून कळलेलं आहे. माणसाचा सगळा डीएनए वाचून काढणारा मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. अवघड म्हणून राहून गेलेले बरेचसे भाग वाचायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, २६ लोकसमूहांतल्या २,५०४ जणांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रमाण म्हणून धरलेल्या संचाशी ताडून पाहिलं तर प्रत्येकात ४१ ते ५० लाख ठिकाणी वेगळेपण निघालं. यातले पुष्कळ लोकांत आढळणारे फरक निवडून चिप बनवली जाते, म्हणून नेहमीचे फरक ती उत्तम वाचते. त्यात चूक क्वचितच होते.

दुर्मीळ फरकांची गोष्ट मात्र एकदम वेगळी आहे. चिपवरचा रंग वाचण्याचं काम संगणक अनेक नमुने एकत्र ठेवून करतो. ‘ए’ असलेल्यांचे ठिपके एका बाजूला जमतात, ‘जी’ असलेल्यांचे दुसऱ्या बाजूला, आणि तुमचा ठिपका कोणत्या घोळक्यात पडतो ते पाहिलं जातं. फरक लाखात एखाद्याकडेच असेल, तर त्या बाजूला घोळकाच तयार होत नाही. मग कोणाचा तरी रंग जरासा भरकटला की संगणक त्यालाच दुर्मीळ बदल समजून बसतो. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या आरोग्य-संशोधनाच्या संग्रहातल्या सुमारे ५०,००० लोकांचं चिपवरचं वाचन आणि पूर्ण वाचन शेजारी ठेवून २०२१ मध्ये हे तपासलं गेलं. लाखात एकापेक्षाही कमी लोकांत असणारे जे बदल चिपने ‘सापडले’ म्हणून सांगितले, त्यातले ८४ टक्के प्रत्यक्षात नव्हतेच. गंभीर आजारांना कारण होणारे बदल बहुधा असेच दुर्मीळ असतात.

कंपनीकडून आपली कच्ची माहिती, म्हणजे चिपने वाचलेल्या अक्षरांची यादी, उतरवून घेऊन दुसऱ्याच संकेतस्थळावर टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. तिथे कोणतीही पडताळणी न होता थेट रोगांची नावं समोर येतात. २०१८ च्या एका अभ्यासात, अशा कच्च्या माहितीत दिसलेले आणि खात्रीसाठी वैद्यकीय प्रयोगशाळेकडे आलेले बदल तपासले, तर ४० टक्के खोटे निघाले. तेवढ्या ओळीवर रात्र रात्र जागून काढणारी माणसं असतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वैद्यकीय प्रयोगशाळेत नवा नमुना देऊन खात्री होईपर्यंत त्या ओळीला निदान म्हणू नका.

पूर्वजांची टक्केवारी

‘तुम्ही अमुक प्रदेशाचे ३७ टक्के’ हा आकडा सगळ्यात जास्त मिरवला जातो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याभोवतीच आहेत. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. चांगला कान असलेला माणूस बोलण्याच्या ढंगावरून समोरचा कुठला ते ओळखतो, पण त्याने आधी ऐकलेल्या बोलींपैकीच तो निवड करू शकतो. एखाद्या भागाची बोली त्याच्या कानावर कधी पडलीच नसेल, तर तो जवळच्या ओळखीच्या भागाचं नाव घेईल आणि तेही आत्मविश्वासाने. कंपनीचा संगणक हेच करतो. तिच्याकडे ‘संदर्भ गट’ असतात. चारही आजी-आजोबा एकाच भागातले आहेत अशा आजच्या लोकांचे नमुने त्यांत गोळा केलेले असतात. तुमच्या डीएनएचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोणत्या गटाशी जास्त जुळतो ते पाहिलं जातं आणि बेरीज करून टक्के काढले जातात.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. ज्या भागातले नमुने भरपूर, तिथला अंदाज बारकाईचा. जिथले थोडे, तिथे अर्ध्या खंडाला एकच नाव. कंपनीने संदर्भ गट सुधारले की तुमचे टक्के बदलतात, डीएनए होता तसाच असतो. आणि तुलना आज तिथे राहणाऱ्यांशी असते, पाचशे वर्षांपूर्वी राहणाऱ्यांशी नव्हे. मधल्या काळात किती लोक आले-गेले याची त्या टक्क्यांत दाद लागत नाही. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१९ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले होते. कंपनी बदलली की आकडे बदलले, आणि एकाच कंपनीतही दोघींच्या टक्केवारीत फरक आला, जरी दोघींचा डीएनए जवळजवळ तंतोतंत एक होता. खंडाच्या पातळीवर हा अंदाज बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. शेजारशेजारच्या प्रदेशांत फोड करायला लागलं की तो डळमळतो.

सख्ख्या भावंडांचे आकडे वेगळे आले तर घाबरून जायचं कारण नाही. प्रत्येक मुलाला आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए मिळतो, पण कोणता निम्मा हे दर वेळी नव्याने ठरतं. हाच खेळ पिढ्यानपिढ्या चालत आल्यामुळे एक थक्क करणारी गोष्ट घडते. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या डीएनएचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो. ते तुमचे पूर्वज होते यात शंका नाही, त्यांच्याशिवाय तुम्ही नसता, पण लाळेत ते नाहीत. म्हणून ‘अहवालात अमुक वंश दिसत नाही, म्हणजे घरात सांगितलेली गोष्ट खोटी’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून आणि आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतल्या) डीएनएवरून काढलेली ‘कुळं’ही अनेकांना मोठी वाटतात. पण वाय गुणसूत्र बापाच्या बापाच्या बापाची एकच सरळ रेघ दाखवतं. दहाव्या पिढीत ती १,०२४ पैकी एका माणसापाशी पोहोचते. तेवढ्या एका रेघेवर रक्ताच्या शुद्धतेचे दावे उभे करणं मला केवळ चुकीचं वाटत नाही, धोक्याचंही वाटतं.

अनपेक्षित नातेवाईक

नात्यांचं गणित त्या मानाने पक्कं असतं. दोन माणसांच्या डीएनएचे किती लांब तुकडे सारखे आहेत ते मोजायचं. आई-वडील आणि मूल यांच्यात निम्मा डीएनए सामाईक, सख्ख्या भावंडांत सरासरी तेवढाच. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत सुमारे साडेबारा टक्के. २५ टक्के जुळणी आली तर मात्र संगणकाला नक्की नातं सांगता येत नाही, कारण आजोबा, मामा, आत्या आणि आई किंवा वडील एकच असलेली सावत्र बहीण या सगळ्यांशी तेवढंच जुळतं. वयं आणि घरातली माहिती धरून ते आपल्यालाच ओळखावं लागतं. नातं जसं दूर जातं तशी जुळणी विरत जाते. खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांत साधारण दहापैकी एका जोडीत काहीच सामाईक सापडत नाही. उलट ज्या समाजांत पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं झाली, तिथे अनेक बाजूंनी आलेले छोटे तुकडे साठतात आणि दूरचं नातं जवळचं भासतं.

या जुळणीतून अनेक दत्तक मुलांना जन्मदाते सापडले आहेत. अनेकांना आपण दात्याच्या शुक्रजंतूंपासून जन्मलो हे पहिल्यांदा असंच कळलं, आणि ज्यांना वडील म्हणत आलो ते जन्मदाते नाहीत हेही. दात्याचं नाव कायम गुप्त राहील असं आश्वासन पूर्वी दिलं जायचं. आता दात्याच्या भावाने किंवा पुतणीने चाचणी केली तरी ते उघड होऊ शकतं. सत्य कळण्याचा हक्क मी मोठा मानतो. तरी ते सत्य फोनच्या पडद्यावर, सोबत कोणी नसताना कळावं, हे मला माणुसकीचं वाटत नाही. चाचणी करण्याआधी स्वतःला विचारावं की असं काही निघालं तर पहिल्यांदा कोणाशी बोलणार, आणि जवळच्यांना कल्पना द्यावी.

पोलीसही हीच जुळणी वापरतात. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत बलात्कार आणि खून करणारा, ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा जोसेफ जेम्स डीअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये सापडला. गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या डीएनएचा तपशील जीईडीमॅच या खुल्या संचात टाकून तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. दुवा मिळाला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांमुळे. त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की सुमारे १३ लाख लोकांच्या संचातसुद्धा युरोपीय वंशाच्या कोणाही माणसाचा, खापरपणजोबा एक असण्याइतका किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडण्याची शक्यता ६० टक्के आहे. ज्याने कधीच नळीत लाळ दिलेली नाही, तोही त्यातून ओळखता येतो.

आजारांची पानं

अहवालातला सगळ्यात जपून वाचायचा भाग हा. इथे नियमही सगळ्यात कडक आहेत, आणि ते ठेच लागल्यावरच झाले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, नोव्हेंबर २०१३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीला परवानगीशिवाय आरोग्याचे अहवाल विकू नका अशी ताकीद दिली होती. २०१७ मध्ये दहा आजारांसाठी परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये बीआरसीए जनुकांतल्या तीन बदलांसाठी.

या तीनच बदलांपाशी थोडं थांबू या. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत बिघाड असेल तर स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाते, अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका बराच वाढतो. वेळेवर कळलं तर नियमित तपासण्या, औषधं किंवा शस्त्रक्रिया यांनी जीव वाचू शकतो, म्हणून ही माहिती खरोखर मोलाची आहे. पण या दोन जनुकांत आजाराला कारण होणारे हजारो वेगवेगळे बदल माहीत आहेत. २०१८ च्या त्या चाचणीतले तीन बदल अश्कनाझी ज्यू, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू, समाजात जास्त आढळणारे होते. त्या समाजात सुमारे ४० जणांत एकाकडे त्यांपैकी एखादा असतो, बाकी बहुतेकांत अतिशय क्वचित. म्हणजे दुसऱ्या कोणत्या समाजातल्या बाईला ‘बदल सापडला नाही’ असं उत्तर आलं, तर तिच्या धोक्याबद्दल तिला जवळपास काहीच नवीन कळलेलं नसतं. आई आणि मावशी दोघींना कर्करोग झालेला असताना असा अहवाल हातात घेऊन कोणी निर्धास्त राहिलं, तर त्याची किंमत फार मोठी पडू शकते. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती या खोट्या दिलाशाची.

स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या एपीओई जनुकाचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी बोलकं आहे. त्याचा ‘४’ हा प्रकार एका पालकाकडून आला तर अल्झायमरचा धोका साधारण दोन-तीन पट होतो, दोघांकडून आला तर कित्येक पट. तरीही दोन प्रती असलेले काही जण म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहतात आणि एकही प्रत नसलेल्यांना आजार होतो. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा पूर्ण डीएनए वाचून घेऊन खुला केला, पण एवढं एक जनुक वगळायला सांगितलं. त्यांना ते जाणून घ्यायचं नव्हतं. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं की आजूबाजूच्या अक्षरांवरून झाकलेला भाग ओळखता येतो, कारण शेजारची अक्षरं सहसा एकत्रच वारशाने येतात आणि हजारो इतर लोकांत ती कशी जोडून येतात ते माहीत आहे. मग तो शेजारचा भागही काढून टाकावा लागला. न जाणण्याचा हक्क जपायचा तर तो चाचणीआधी जपावा लागतो. कंपन्या अशी काही पानं उघडण्यापूर्वी वेगळी परवानगी विचारतात, तिथे घाईने ‘हो’ म्हणू नये.

‘धोका दुप्पट’ हे शब्दही पारखून घ्यावेत. समजा एखादा आजार १,००० जणांत एकाला होतो. तुमचा धोका दुप्पट म्हणजे तुमच्यासारख्या १,००० जणांत दोघांना. उरलेले ९९८ सुखरूप. पण जो आजार १०० पैकी १५ जणांना होतो, त्याचा धोका दुप्पट होणं ही लक्ष द्यायलाच हवी अशी गोष्ट आहे. पट किती याच्या आधी मूळ आकडा किती हे विचारायचं.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या आजारांत तर एका जनुकाचं चालतच नाही. शेकडो-हजारो जागा प्रत्येकी कणभर भर घालतात, त्यांची बेरीज करून गुणांक काढतात. उंचीवरून याचा अंदाज येईल. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या. एवढ्या सगळ्या मिळूनही युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकांपैकी सुमारे ४० टक्केच उलगडतात. बाकीच्या वंशांत १० ते २० टक्के. हा फरक पडला तो अभ्यासात कोण होतं त्यामुळे. आजवरच्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक युरोपीय वंशाचे आहेत. त्यांच्यावरून बांधलेला गुणांक इतरांवर लावला की तो लंगडा पडतो. दूध पचवण्याच्या क्षमतेबद्दलही असंच झालं. युरोपातल्या लोकांत ती क्षमता एका विशिष्ट जागेवरच्या बदलामुळे टिकते. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालक समाजांत तेच काम शेजारच्या वेगळ्या जागांवरचे बदल करतात. फक्त पहिलीच जागा पाहणारी चाचणी तिथल्या माणसाला ‘तुम्हाला दूध पचत नाही’ असं सांगून मोकळी होईल.

कोणती औषधं मानवतील हे सांगणारा भाग मला या सगळ्यांत उपयोगाच्या सर्वांत जवळचा वाटतो. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन हे औषध घेतल्यावर काही जणांची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते, त्यात मृत्यूही येऊ शकतो. हा धोका एचएलए-बी जनुकाच्या १५:०२ या प्रकाराशी जोडलेला आहे, हे २००४ मध्ये तैवानमधल्या रुग्णांवरून कळलं. आशियातल्या अनेक समाजांत हा प्रकार आढळतो, युरोपीय लोकांत जवळजवळ नसतो. फक्त युरोपातल्या रुग्णांकडे पाहत राहिलं असतं तर हा धागा कदाचित हाती लागलाच नसता. मात्र असा अहवाल वाचून स्वतःच औषध बंद करू नये किंवा मात्रा बदलू नये, तो डॉक्टरांना दाखवावा.

माहिती जाते कुठे

कंपनीचं उत्पन्न केवळ नळी विकून येत नाही. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने ट्वेंटीथ्री अँड मीमध्ये ३० कोटी डॉलर गुंतवले, ते नवी औषधं शोधायला ग्राहकांच्या माहितीचा उपयोग होईल म्हणून. संशोधनाला संमती देणाऱ्यांचीच माहिती त्यासाठी वापरली जाते, पण ती खूण करताना किती जण मजकूर वाचतात? २०२३ मध्ये याच कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत चोरांनी शिरकाव केला, आणि त्यांतून माहिती गेली ती ६९ लाख लोकांची, कारण प्रत्येक खात्यातून जुळलेल्या नातेवाइकांचे तपशील दिसत होते. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती कोणाच्या हाती जाणार असा प्रश्न उभा राहिला. शेवटी सहसंस्थापक अ‍ॅन वोजिकी यांच्या ना-नफा संस्थेने ती विकत घेतली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

नाव काढून टाकलं की माहिती निनावी होते हेही पूर्ण खरं नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी खुल्या संशोधन संचातल्या निनावी नमुन्यांचं वाय गुणसूत्र वंशावळीच्या संकेतस्थळांशी ताडून, वय आणि राज्य यांची जोड देऊन जवळपास ५० जणांची ओळख पटवून दाखवली. कायद्याचं संरक्षणही अपुरं असतं. अमेरिकेतला २००८ चा जिना कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभाव करू देत नाही, पण आयुर्विम्याला तो लागू नाही. आपण राहतो तिथला नियम काय आहे ते आधी पाहावं. खातं बंद करून नमुना नष्ट करायला सांगता येतं, पण पूर्ण झालेल्या संशोधनात जी माहिती गेली ती परत घेता येत नाही.

एवढं वाचून कोणी संशोधनापासूनच दूर राहावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. पीसीएसके-९ या जनुकाची कहाणी त्यासाठी सांगायला हवी. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या जनुकातल्या बदलामुळे कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं असं आढळलं. मग अमेरिकेतल्या संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक बंदच पडलं तर? २००६ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं. कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांपैकी २.६ टक्क्यांत ते बंद पाडणारा बदल होता. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी. त्यावरून बनवलेली औषधं २०१५ मध्ये बाजारात आली. त्या अभ्यासात रक्त देणाऱ्यांपैकी कोणालाही स्वतःपुरता अहवाल वाचून हे कळलं नसतं. हजारो जणांची माहिती एकत्र ठेवली तेव्हा ते दिसलं, आणि आज त्याचा फायदा ज्यांनी कधीच नमुना दिला नाही त्यांनाही होतो.

म्हणूनच विश्वासघात झाला की तो फार खोल जातो. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले, ते आपल्यात वाढलेल्या मधुमेहाचं कारण कळावं म्हणून. पुढे तेच नमुने त्यांना न विचारता मानसिक आजार आणि स्थलांतर अशा विषयांवरच्या अभ्यासात वापरले गेले. खटला चालला, २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर भरपाई दिली आणि नमुने परत केले. ज्या समाजांचे नमुने संशोधनात सर्वांत कमी आहेत, त्यांनाच अशा आठवणी असतात. त्यामुळे विविधता वाढवायची तर नमुने गोळा करण्याआधी विश्वास कमवावा लागेल.

कुतूहल म्हणून चाचणी करायची असेल तर या सगळ्या मर्यादा माहीत असताना ती खुशाल करावी. लहान मुलांची मात्र करू नये. मोठेपणी होणाऱ्या आजारांबद्दल जाणून घ्यायचं की नाही हे त्यांनी मोठं झाल्यावर ठरवू दे. आणि मनात खरी धास्ती असेल, घरात दोन-तीन जणांना एकच आजार झालेला असेल, तर लाळेच्या नळीकडे वळण्याआधी कागद घेऊन बसावं. कोणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, हे आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंचं लिहून काढावं आणि तो कागद जनुकीय समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावा. ते बहुधा तुमच्या आधी, ज्याला आजार झाला आहे त्या नातेवाइकाचीच तपासणी करू या म्हणतील. त्याच्यात कारणीभूत बदल सापडला तर बाकीच्यांत नेमकं काय शोधायचं ते कळतं, आणि मग तुमच्यात तो नाही असं उत्तर आलं तर त्या उत्तरावर विसंबता येतं. तो नातेवाईक हयात असेल आणि तयार असेल, तर विचारायला उशीर करू नये.